दुव्यातून निसटलेला शब्द

१

शुश्रूषागृहाच्या अंगणात तीन चादरी पसरल्या होत्या आणि तिन्हींखाली माणसं होती.

आग तशी मोठी नव्हतीच. दुपारच्या जेवणानंतर तळघरात एक वायर जळली, गाद्या धुमसल्या आणि धूर कोंडला. वरच्या मजल्यांवरचे सगळे वाचले. तळघरातले तिघे गेले, कारण तळघराला दार एकच होतं आणि धूरही त्याच दाराकडे धावत होता.

संध्याकाळी अग्निशमन अधिकाऱ्याने नगरपालिकेच्या कचेरीत येऊन 'दुवा' उघडला. देशाचे कायदे एकीकडे आणि शहराचे नियम दुसरीकडे. कुठल्या कलमाला शहराचा कुठला नियम लागतो हे शोधायला पूर्वी जाडजूड पुस्तकं उलथीपालथी करावी लागत. आता संगणकावर कलम टाकायचं, इमारतीचा प्रकार टाकायचा, की दुवा नियम समोर आणून ठेवी. छापील पुस्तकं केव्हाच गोदामात गेली होती. अधिकाऱ्याने कलम टाकलं, 'शुश्रूषागृह' टाकलं. नियम लख्ख समोर आला: माणसं राहतात अशा जागी तळघरात कोणाला झोपवू नये, आणि प्रत्येक मजल्याला बाहेर पडायला दोन वाटा असाव्यात.

मग या इमारतीला 'हरकत नाही' असा शेरा दिला कोणी? महिनाभरापूर्वी जो इमारत तपासनीस तिथे जाऊन आला होता, त्याने. त्याला त्याच संध्याकाळी घरातून उचललं.

तपास आला तो एका अधिकारी बाईंकडे. पोलीस खात्यात त्यांना मागून 'चिमटा' म्हणत. आवाज चढवायच्या नाहीत, पण बोलण्यातलं नेमकं कुसळ धरून ओढायच्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या कोठडीसमोर स्टूल घेऊन बसल्या.

"लाच घेतली?"

"नाही."

"मग नियम माहीत असून सोडलं कसं?"

तपासनीस दोन्ही तळवे मांडीवर ठेवून बसला होता. पन्नाशीचा, बारीक अंगाचा माणूस. "मी दुव्यात पाहिलं होतं, बाई. हेच कलम, हाच प्रकार. 'स्थानिक नियम नाही' असं आलं. आता सगळे म्हणतात नियम आहे. मलाही काल दाखवला. आहे. पण त्या दिवशी नव्हता."

बाई तिथून थेट परवाना विभागात गेल्या. तिथल्या कारकुनाने चष्मा वर सरकवला आणि खाली बघतच सांगितलं, "नव्हता कसा? त्याच आठवड्यात मी एका वसतिगृहाचा परवाना करताना तेच कलम टाकलं होतं. हाच नियम आला होता. स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय."

म्हणजे तपासनीस खोटं बोलत होता. निदान दिसत तरी तसंच होतं.

२

दुव्याचं काम विधी शाखेत चाले. वरच्या मजल्यावरची लांबट खोली, तीन टेबलं, खिडकीला निळे पडदे. तीन टेबलांना तीन माणसं.

पहिले कायदेसाहेब, शाखेचे प्रमुख. वकिली सोडून इथे आलेले, पण वकिली त्यांना सोडून गेलेली नव्हती. दुसरा प्रोग्रामर. साहेब त्याला 'वायरमन' म्हणत आणि तो ते निमूट ऐकून घेई. तिसऱ्या होत्या ताई. कायदा वाचायचा, नियम वाचायचा आणि दोन्हींची गाठ दुव्यात मारायची, हे काम त्यांचं. कचेरीत सगळेच त्यांना ताई म्हणत, साहेबसुद्धा.

तीन चादरींतली एक ताईंच्या मोठ्या भावावर पसरलेली होती.

"तुम्ही आज कामावर?" बाईंना राहवलं नाही.

"घरी बसून काय करू?" ताईंचे डोळे सुजलेले होते, पण आवाज सपाट. "घरी त्याचे कपडे आहेत."

"तुम्हाला कळलं कसं?"

"तिथल्या मावशींचा फोन आला. दादाला त्याच सांभाळायच्या. फोन आला तशी धावले. रस्त्यात ही गर्दी. पोचले तेव्हा संपलं होतं सगळं."

प्रोग्रामरने न सांगताच पाण्याचा ग्लास ताईंपुढे ठेवला.

मग बाई त्याच्याकडे वळल्या. "दुव्यातली एखादी गाठ कोणी सोडली आणि पुन्हा मारली, तर कळतं?"

"नाही कळत." तो ओशाळला. "पासवर्ड आमच्या तिघांत एकच आहे. बदल झाला तर 'विधी शाखा' एवढंच दिसतं, तारीख-वेळ नाही. रोजची प्रत निघते, पण ती आदल्या दिवशीच्या प्रतीवरच बसते."

"म्हणजे चोराला चावी देऊन वर पुसायला फडकंही दिलंय."

"वेगळे पासवर्ड द्या म्हणून मी सांगितलं होतं. साहेब म्हणाले, तीन डोकी तीन पासवर्ड विसरतील."

कायदेसाहेबांनी फाईल मिटली. "बाई, सरळ आहे. तपासनीस अडकला, म्हणून संगणकावर ढकलतोय. यंत्राला काही तोंड नसतं, बिचारं."

बाई जिना उतरत होत्या तेव्हा मागून पावलं वाजली. प्रोग्रामर होता. धापा टाकत, आवाज दाबून म्हणाला, "मी सांगितलं असं म्हणू नका. शुश्रूषागृहाचे संचालक आणि आमचे साहेब, दोघं साडू आहेत."

३

साडूपणाची गोष्ट साहेबांनी लपवली नाही. उलट चिडले.

"साडू आहे, मान्य. बायकोच्या बहिणीचा नवरा मी निवडला नव्हता. चार वर्षं आमचं बोलणं नाही. विचारा घरी."

बाईंनी विचारलं. खरं होतं. पण ज्यांच्यात बोलणं नाही त्यांच्यात व्यवहार नसतोच, असंही नाही. म्हणून त्या साहेबांच्या टेबलाशी परत आल्या.

"साहेब, वसतिगृहाला नियम लागला आणि शुश्रूषागृहाला नाही, असं दुव्यात एकाच वेळी होऊ शकेल?"

साहेब खुर्चीत सरसावून बसले. कायद्याचा प्रश्न आला की राग बाजूला ठेवणारा माणूस होता तो. "होऊ शकेल. नियम 'निवासी जागां'ना लागतो. निवासी जागा म्हणजे काय, तर वसतिगृह, अनाथालय, शुश्रूषागृह. व्याख्येतून एक शब्द काढला की तेवढ्यापुरता नियम गेला. बाकीच्यांना जसाच्या तसा."

बाईंच्या डोक्यात लखकन प्रकाश पडला. तपासनिसाने शुश्रूषागृह शोधलं होतं, कारकुनाने वसतिगृह. दोघंही खरं बोलत होते. गाठ कोणी सोडलीच नव्हती. एक शब्द तेवढा काढून घेतला होता.

"तो शब्द आता दुव्यात कुठे आहे, दाखवाल?"

साहेबांनी माउस धरला. कलम उघडलं, नियम उघडला, पुन्हा कलमावर आले. एकदा तर सगळंच बंद करून बसले. शेवटी म्हणाले, "मला छापून आणून देतात हो. मी कागदावर वाचतो."

हे नाटकही असू शकेल. पण कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं की साहेब स्वतःची रजाही दुसऱ्याकडून टाइप करून घेत.

बाईंनी प्रोग्रामरला जिन्यात गाठलं. "समजा, एका इमारतीला त्या नियमातून सोडवायचं आहे. तुम्ही काय कराल?"

"कलम आणि नियम यांची गाठ सोडीन. एक क्लिक."

"मग वसतिगृहालाही नियम लागणार नाही."

"हो?" त्याने डोकं खाजवलं. "मग... इमारतीप्रमाणे कसं करायचं? व्याख्यांचा भाग मी बनवून दिला, पण त्यात काय भरलंय ते मला कळत नाही. मला ते सगळं सारखंच दिसतं."

एकाला कायदा कळत होता, पण यंत्र नाही. दुसऱ्याला यंत्र कळत होतं, पण कायदा नाही. दोन्ही ज्याला कळे असं माणूस त्या खोलीत एकच होतं, आणि त्याच माणसाच्या घरातला माणूस धुरात गेला होता.



४

नुसतं जमण्यासारखं आहे म्हणून कोणी गुन्हा करत नाही. शिवाय एक गोष्ट जुळत नव्हती. शब्द परत आला केव्हा? तपासणी झाल्यावर लगेच की आगीनंतर? लगेच आला असेल तर तिघांतल्या कोणीही तो परत घातला असेल, आणि मग काहीच सिद्ध होत नव्हतं.

बाई पुन्हा परवाना कारकुनाकडे गेल्या. तो डबा उघडून बसला होता. त्यांना बघितलं आणि त्याचा घास हातातच राहिला.

"तपासनिसाचा शेरा महिन्यापूर्वीचा," बाई म्हणाल्या. "पण परवान्याच्या नूतनीकरणावर सही झाली आगीच्या दिवशी सकाळी. सहीआधी तुम्ही एकदा दुव्यात बघता. तशी पद्धतच आहे तुमची."

कारकुनाने घास डब्यात परत ठेवला.

"काय दिसलं त्या सकाळी?"

"बाई, मला दोन मुली आहेत."

"तपासनिसालाही आहे एक."

त्याने डबा बंद केला. झाकण नीट बसेना, तरी दाबत राहिला. "नव्हता," तो पुटपुटला. "शुश्रूषागृहाला नियम नव्हता. 'स्थानिक नियम नाही' असंच आलं. संध्याकाळी ऐकलं की आहे म्हणे. मी बोललो असतो तर त्याच्याबरोबर मलाही आत घातलं असतं. म्हणून वसतिगृहाचं तेवढं सांगितलं. ते खोटं नव्हतं."

"खोटं नव्हतं," बाई म्हणाल्या. "पण त्या खऱ्यामुळे एक माणूस कोठडीत आहे."

आता वेळ बांधली गेली. सकाळी शब्द नव्हता, संध्याकाळी होता. दुव्यातला बदल कचेरीच्या आतूनच करता येई, बाहेरून नाही. त्या दिवशी साहेब दुसऱ्या गावच्या न्यायालयात होते. न्यायाधीशांसमोर दिवसभर उभे. प्रोग्रामरची बायको बाळंत झाली होती, तो प्रसूतिगृहात. कचेरीत होत्या फक्त ताई. आणि ताई तर फोन आला तशी धावल्या होत्या.

की नव्हत्या?

कचेरीच्या फाटकाबाहेर बाईंनी गाडी सोडून दिली आणि शुश्रूषागृहाकडे चालत निघाल्या. एक वळण, औषधाचं दुकान, एक बंद पडलेला छापखाना. कोपऱ्यावर काळवंडलेली भिंत दिसली तेव्हा त्यांना अजून दमही लागला नव्हता.

५

मावशी रुग्णालयात होत्या. घशात धूर गेल्यामुळे त्यांचा आवाज कागद फाटल्यासारखा येत होता. डॉक्टरांनी बोलू नका म्हणून बजावलं होतं, पण त्यांना बोलायचंच होतं.

"ताईंना फोन कधी केलात?"

"पहिला. सगळ्यांच्या आधी. बंबाला नंतर." मावशींनी उशीखालचा रुमाल काढला. "धूर नुसता यायला लागला होता. म्हातारे दोघं खाटेवरचे. त्यांना उचलायला माणसं लागणार. पण दादा पायांनी धड होता हो. चालायचा. फक्त कोणाला हात लावू द्यायचा नाही. मी धरायला गेले तर मला भिंतीवर ढकललं. एवढा आडदांड माणूस, आणि भ्यायलेला."

"मग?"

"ताई आली की शहाण्यासारखा व्हायचा. 'दादा, ऊठ' म्हटलं की उठायचा. रोज दुपारी यायची ती, घास भरवून जायची. त्या दिवशी काम होतं म्हणून नव्हती आली. म्हटलं, जवळच आहे, येईल पळत. दादा उठला तर दोघी मिळून एखाद्या म्हाताऱ्यालाही ओढत नेऊ." त्यांना खोकल्याची उबळ आली. "मी दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होते. आत जायचे, परत दारात यायचे. मग आत जाताच येईना."

"ताई केव्हा आल्या?"

"बंबवाले नळ्या गुंडाळत होते तेव्हा."

"रस्त्यात गर्दी होती म्हणाल्या."

मावशींनी त्यांच्याकडे नवलाने बघितलं. "दुपारी? त्या गल्लीत?"

बाई उठल्या. मावशींनी त्यांचा पदर धरला. "तिला काही बोलू नका हं. आपल्या भावासाठी फार केलंय तिने. तळघरातही त्याला आम्ही उगीच नव्हतं ठेवलं. तो ओरडायचा. वर कोणाला झोप लागायची नाही. खाली ठेवलं की आवाज येत नसे."

६

निळे पडदे ओढलेले होते. साहेब आणि प्रोग्रामर यांना बाईंनी बाहेर बसायला सांगितलं होतं. ताई स्वतःच्या टेबलाशी, हात मांडीवर घेऊन.

"तपासनीस खरं बोलतोय, ताई. कारकूनही. आगीच्या सकाळपर्यंत 'शुश्रूषागृह' हा शब्द व्याख्येत नव्हता. संध्याकाळी होता. मधल्या वेळात या खोलीत तुम्ही एकट्या होतात. मावशींचा फोन आला आणि तुम्ही निघाला नाहीत. का निघाला नाहीत, ते मी सांगू का तुम्ही सांगता?"

ताईंनी नाकारलं नाही. नाकारायची ताकद असेल असं वाटतही नव्हतं.

"तीन ठिकाणांहून त्याला परत पाठवलं होतं," त्या म्हणाल्या. "तापात मेंदूला सूज आली तेव्हापासून तो तसा. त्या तीन ठिकाणांआधी मी एक वर्ष घरी ठेवला. इथे येताना त्याला खाटेला बांधून यायचे. ओढणीने. संध्याकाळी गाठी सोडताना त्याच्या मनगटाला वळ असायचे, आणि तो माझ्याकडे बघून हसायचा. मी आले म्हणून."

बाईंनी खुर्ची पुढे ओढली.

"चौथ्या ठिकाणी घेतला, पण तळघरात. मी तो नियम स्वतः जोडला होता, मला पाठ होता. संचालक म्हणाले, तपासणी येतेय, तळघर बंद करायला सांगितलं तर आपापली माणसं घेऊन जा. म्हणून काढला शब्द. म्हटलं, कुठे जागा मिळेपर्यंतच. पाचवं ठिकाण शोधत होते. खरंच शोधत होते."

"आणि फोन आला तेव्हा?"

"मावशी म्हणाल्या, धूर येतोय. धूर म्हणाल्या, आग नाही म्हणाल्या. मला वाटलं, काढतील बाहेर. पण बंबवाले येणार, तळघर बघणार, मग दुवा उघडणार. तपासनिसाने बघितलं तेव्हा शब्द नव्हता हे कळलं तर माझ्यापर्यंत येणार. मी आत गेले तर दादाचं कोण? म्हणून आधी शब्द परत घालायला बसले. दोन मिनिटांचं काम. ते होईचना. बदल स्वीकारलाच जाईना. पुन्हा केला. स्क्रीन गोठली. मी यंत्र बंद करून चालू केलं. ते चालू व्हायची वाट बघत इथेच बसले होते. ह्याच खुर्चीत."

खाली रस्त्यावर कोणीतरी हॉर्न वाजवत होतं.

"बाकीचे दोघे म्हातारे," बाई म्हणाल्या.

"सुटीच्या दिवशी त्यांनाही मीच भरवायचे. एकाला गोड लागायचं." ताईंनी वर पाहिलं. "मावशी काय म्हणाल्या?"

बाई पहिल्यांदाच खोटं बोलायच्या बेतात होत्या. "त्यांचा घसा गेलाय. फार बोलता येत नाही."

"तो उठला असता," ताई म्हणाल्या. "तुम्ही नका सांगू. मला माहितीये. मी हाक मारली की तो उठायचा."

मग त्या उठल्या, संगणक रीतसर बंद केला आणि पर्स घेऊन दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. बाहेर बाकावर बसलेला प्रोग्रामर त्यांना बघून उभा राहिला. त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला, "ताई?" साहेबांनी त्याला खाली बसवलं.

७

तपासनिसाला दुसऱ्या दिवशी सोडलं. बाई स्वतः फाटकापर्यंत आल्या. त्याची बायको आणि मुलगी पलीकडे गाडी थांबवून उभ्या होत्या. मुलगी हात हलवत होती.

"तुमच्यावर आता कसलाही ठपका नाही," बाई म्हणाल्या. "परवा कामावर रुजू होता येईल. त्रास झाला, त्याबद्दल..."

"मी खाली उतरलो होतो, बाई."

"कुठे?"

"तळघरात. तपासणीच्या दिवशी." तो बायकोकडे नाही, रस्त्याकडे बघत होता. "जिना अरुंद. दार एकच. दोन म्हातारे पडून, आणि एक धिप्पाड माणूस खाटेवर बसून माझ्याकडे बघून ओरडत होता. मला तेव्हाच वाटलं, इथे काही झालं तर ही माणसं बाहेर निघणार नाहीत. स्पष्ट वाटलं. संचालकांना सांगणार होतो. पण ते वाद घालणारे गृहस्थ. म्हटलं, आधी दुव्यात बघू."

"आणि नियम नव्हता."

"नव्हता." त्याने मान हलवली. "मला हायसं वाटलं. भांडावं लागणार नव्हतं कोणाशी. मी शेरा लिहिला आणि त्या दिवशी वेळेवर घरी गेलो."

बाईंनी पलीकडे थांबलेल्या गाडीकडे बोट दाखवलं.

पलीकडून मुलीने हाक मारली. "बाबा, चला ना!"

तो हललाच नाही. फाटकाच्या पायरीवर हळूच खाली बसला आणि दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.